जुन्या अ‍ॅम्पला भाव का येत नाही?

वर्ष संपत आलं की कॉलेजात एक छोटा बाजार भरतो. भरवत कोणीच नाही, तो आपोआप भरतो. शेवटच्या वर्षाची मुलं पुण्याला, बेंगळुरूला निघतात आणि जाताना जे नेता येत नाही ते विकून जातात. पुस्तकं, सायकल, अभ्यासाचं टेबल, गिटार आणि गिटारचा अ‍ॅम्प. पुस्तकं जातात, सायकल जाते, गिटारसुद्धा जाते. अ‍ॅम्प तेवढा राहतो. "घेतोय कोण ते खोकं?" असं म्हणत तो पाव किमतीत कुणाच्या तरी गळ्यात पडतो, नाहीतर घराच्या माळ्यावर चढतो.

वाङ्मय मंडळाच्या अंकात अ‍ॅम्पचं काय काम, असं काही जण म्हणतील. म्हणू देत की. मंडळाचा भावगीतांचा कार्यक्रम असो, गॅदरिंग असो, नाताळातली कॅरल्स असोत, नाहीतर गल्लीतल्या गणपतीपुढचा ऑर्केस्ट्रा, गिटार वाजायची तर अ‍ॅम्प लागतोच. आणि निपाणीहून, संकेश्वरहून, खानापूरहून रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलाला नवा अ‍ॅम्प घेणं परवडत नाही. त्याच्यासाठी सेकंडहँड हाच एक दरवाजा आहे. विकणाऱ्याला चार पैसे कमी मिळाले तर तो कुरकुरेल आणि विसरेल. पण घेणाऱ्याच्या पदरात मुकं खोकं पडलं, तर त्याचं वाजवणंच थांबतं. म्हणून हा विषय.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या अ‍ॅम्पचा भाव वयामुळे पडतो त्यापेक्षा जास्त दोन गोष्टींमुळे पडतो. एक, विकणाऱ्याच्या बोलण्यावर घेणाऱ्याचा भरवसा नसतो. दोन, उद्या बिघडला तर दुरुस्त कोण करणार हे कुणालाच ठाऊक नसतं. ह्या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्याच हातातल्या आहेत.

आधी हे खोकं म्हणजे काय ते थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा लोहचुंबकावर हलतात आणि अगदी क्षीण वीज तयार होते. तिच्यानं स्पीकर हलत नाही. अ‍ॅम्पचा पहिला भाग ह्या क्षीण विजेला आकार देतो, दुसरा भाग तिला ताकद देतो आणि शेवटी स्पीकर हवा हलवतो. हे काम तीन पद्धतींनी होतं. जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला अ‍ॅम्प ही पहिली. ट्रान्झिस्टर आणि आयसी असलेला, आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारा अ‍ॅम्प ही दुसरी. आणि आत छोटा कॉम्प्युटर बसवून पन्नास अ‍ॅम्पचे आवाज काढणारा डिजिटल अ‍ॅम्प ही तिसरी. ह्या तिघांचा जुन्याचा भाव वेगवेगळ्या कारणांनी पडतो, आणि आपण तिघांनाही एकच "निम्मी किंमत" लावून मोकळे होतो. घोटाळा इथूनच सुरू होतो.

आता हिशोब मांडू. समजा नवा अ‍ॅम्प सगळं धरून २०,००० रुपयांना घेतला. अ‍ॅम्प्लिफायरवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ह्या वीस हजारांत वस्तूची किंमत सुमारे १६,९५० आणि कर सुमारे ३,०५०. दोन विद्यार्थ्यांच्या आपसातल्या व्यवहारात जीएसटी येत नाही, त्यामुळे कराचे ते तीन हजार रुपये घेणारा तुम्हाला परत देणार नाही. त्यात दुकानदाराचा नफा आणि वॉरंटीची किंमतही गेली. म्हणजे अ‍ॅम्प एकदाही न वाजवता, नुसता खोक्यातून बाहेर काढला तरी त्याचे चारेक हजार कमी झाले असं धरायला हरकत नाही. ही घट न्याय्य आहे. "माझे वीस हजार गेलेत, पंधराच्या खाली देणार नाही" म्हणणाऱ्यानं एवढं लक्षात घ्यावं.

पण बाजारात तो पंधरालाही जात नाही, बारालाही जात नाही. सहा-सातवर येऊन थांबतो. मधले हे पाच-सहा हजार कुठे जातात? ते संशयात जातात.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना इतर दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात ह्या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचा मुद्दा आपल्या खडे बाजारातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला पटेल असा आहे. गाडी चांगली की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा खटारा धरूनच भाव करतो. तो भाव ऐकून चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "ह्या भावात देण्यापेक्षा राहू दे की घरात." म्हणजे चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि उरतात त्या खटाराच. मग घेणाऱ्याचा संशय आणखी पक्का होतो.

अ‍ॅम्पचं अगदी हेच होतं. चांगला सांभाळलेला अ‍ॅम्प माळ्यावर धूळ खातो आणि बाजारात फिरतो तो खरखरणारा. घेणारा म्हणतो, बघा, जुने अ‍ॅम्प सगळे असलेच!

दुसरं कारण दुरुस्तीचं. इथे आपल्याच गावातल्या एका वाद्याकडे बघू. बेळगाव हे पेटीचं गाव. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारखा हार्मोनियमवादक इथे राहिला, इथेच त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिष्य तयार केले. तिकडे आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती थोडी शिथिल व्हायला १९७१ साल उजाडलं. एखाद्या वाद्याची पत घसरायला आणखी काय लागतं? पण पेटीचा जुन्याचा भाव काही मेला नाही. उलट जुन्या जर्मन सुरांची पेटी निघाली तर जाणकार आजही हातची सोडत नाहीत.

कारण काय? पेटी उघडता येते. वरचं झाकण काढलं की सूर समोर दिसतात. भाता फाटला तर बदलता येतो, सूर उतरला तर घासून लावता येतो, पट्टी अडकली तर सोडवता येते. आणि हे काम करणारा माणूस बेळगावात नाहीतर मिरजेत सापडतो. मिरज तर तंतुवाद्यांचं गाव. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जुना तंबोरा घेणारा माणूस भोपळ्याला तडा आहे का बघतो, पण घाबरत नाही. तडा गेला तरी सांधणारा कारागीर आहे, हे त्याला माहीत असतं. म्हणजे भाव वाद्याच्या वयाला नसतो. ते वाद्य पुन्हा उभं करणारा माणूस जवळ आहे ह्या खात्रीला असतो.

आता ह्या कसोटीवर तिन्ही अ‍ॅम्प लावून बघा.

ट्रान्झिस्टरचा साधा अ‍ॅम्प इथे सगळ्यांत सहज दुरुस्त होतो. आपल्याकडे गणपती, लग्नं, भजनी मंडळं, निवडणुका ह्यांच्यावर स्पीकरवाल्यांचा एक मोठा धंदा चालतो आणि त्यांच्या मागे दुरुस्ती करणारे मेस्त्री आहेत. छोट्या अ‍ॅम्पमध्ये टीडीए २०५० सारखी आयसी अनेकदा असते, ती त्यांच्या रोजच्या हातातली. बटण फिरवताना खरखर आली तर आत साफ करायचं. जॅकची सोल्डर सुटली तर परत लावायची. हे काम ते चहा पिता पिता करतील. पण गंमत अशी की अ‍ॅम्पवर परदेशी नाव दिसलं की मुलगा तो मेस्त्रीकडे नेतच नाही. "ते गिटारचं आहे, त्यांना कळायचं नाही" म्हणतो. वीज काय गिटार बघून वेगळी वाहते होय?

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आपल्याकडे कमी. त्याचं दुखणं वेगळं. ताकद देणारे मोठे व्हॉल्व्ह झिजतात, जोरात रोज वाजवलं तर काही वर्षांत बदलावे लागतात. एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व्ह बनत. आता जगात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाकडून येणारा माल अडला आणि जगभरच्या गिटारवाल्यांची पळापळ झाली, भाव चढले. म्हणून व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प घेताना व्हॉल्व्हच्या नव्या जोडीची किंमत भावातून आधीच वजा करायची. बाकी त्याचं सर्किट साधं असतं आणि जुन्या रेडिओवर हात बसलेल्या मेस्त्रीला ते ओळखीचं वाटतं.

तिसरा डिजिटल. नवा असताना सगळ्यांत भुरळ घालणारा हाच, आणि जुना झाल्यावर सगळ्यांत झपाट्यानं उतरणाराही हाच. त्यातलं मुख्य बोर्ड बिघडलं तर आपल्या भागात उपाय जवळजवळ नाही. कंपनीनं बोर्ड दिलं तर दिलं. शिवाय दोन-तीन वर्षांत त्याच पैशांत जास्त आवाज काढणारं नवं मॉडेल येतं, जसं मोबाईलचं होतं. ह्याची किंमत मोबाईलसारखीच धरावी. घ्यावा तो वापरण्यासाठी, परत विकून पैसे निघतील म्हणून नव्हे.

इथे एक भ्रम दूर करायला हवा. इंटरनेटवर कुणीतरी बघतं की साठच्या दशकातल्या मार्शल, फेंडर, व्हॉक्स अ‍ॅम्पना आज लाखो रुपये मिळतात. मग आपलाही जुना झाला की वाढेल असं वाटायला लागतं. जिम मार्शल यांनी लंडनमध्ये १९६२-६३ च्या सुमारास जो पहिला अ‍ॅम्प केला तो अमेरिकन फेंडर बासमनवर बेतलेला होता. असे अ‍ॅम्प आजही चालतात, कारण ते हातानं तारा जोडून केलेले आहेत. त्यांच्या सर्किटचे नकाशे सगळीकडे मिळतात आणि साठ वर्षांत त्यांचा जवळजवळ प्रत्येक भाग बदलता आला आहे. वर इतिहासाचं वलय आहेच. आपण दहा वर्षांपूर्वी घेतलेला पंधरा वॅटचा सरावाचा अ‍ॅम्प असल्या खानदानातला नाही. तो नुसता ठेवून जुना होईल, दुर्मीळ होणार नाही. उलट न वापरता ठेवला तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पंधरा-वीस वर्षांत सुकतात आणि आपल्या पावसाळ्यात जॅक-बटणांना गंज धरतो. खानापूरकडच्या पावसात तर बोलायलाच नको. म्हणून विकायचाच असेल तर ह्याच वर्षी विका. माळा ही काही बँक नव्हे.

सीमाभागाची एक वेगळी अडचण आहे. आपला बाजार लहान आणि पसरलेला आहे. विकणारा बेळगावात, घेणारा निपाणीत, दोघांमध्ये सुमारे ७५ किलोमीटर. तिसरा कोल्हापुरात, चौथा गोव्यात. फोटो बघून भाव ठरतो आणि बारा इंची स्पीकरचं ते जड धूड बसमधून आणायचं. येऊन बघितलं आणि पसंत पडलं नाही, तर दिवस गेला आणि भाडं गेलं. म्हणून लांबचा घेणारा आणखी हजार-दोन हजार पाडून मागतो. त्याचं चुकत नाही. विकणाऱ्यानं आधीच खरी माहिती आणि अ‍ॅम्प वाजतानाचा व्हिडिओ दिला, तर हे पैसे वाचतात.

गोव्याकडून, जहाजावरच्या नोकरीतून, परदेशातल्या नातेवाइकांकडून येणाऱ्या अ‍ॅम्पची एक गोष्ट हमखास बघायची. आपली वीज २३० व्होल्ट, अमेरिकेची १२०, जपानची १००. अमेरिकेत घेतलेला अ‍ॅम्प इथल्या प्लगात थेट घातला तर नशीब असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळेल. मागच्या बाजूला व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय एक रुपयाही बोलू नका. वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर त्याची किंमत आणि ओझं दोन्ही भावातून कापा.

आता विरोधातले मुद्दे. पहिला असा की मोबाईल आणि हेडफोनवर सगळे आवाज येत असताना अ‍ॅम्प हवाच कशाला? खोलीत सराव करणाऱ्यासाठी हे खरं आहे, आणि त्यानं अ‍ॅम्प घेऊच नये. पण हॉलमध्ये ढोलकी आणि कीबोर्डसोबत वाजवायचं, तर हवा हलवणारं काहीतरी लागतंच.

दुसरा मुद्दा जास्त मनाला लागणारा आहे. "ज्युनिअर मुलांना विकायचं कसलं? देऊन टाकावं." चांगला विचार आहे, आणि ज्यांना जमतं त्यांनी जरूर द्यावं. पण होतं काय बघा. जो अ‍ॅम्प विकला जात नाही तोच बहुतेकदा "दान" होतो. युवक मंडळाला, चर्चला, मंडळाच्या खोलीला भेट म्हणून येतो, आणि वर्षभर कोपऱ्यात बसतो. नाही म्हणता येत नाही, फेकताही येत नाही. बिघडलेली वस्तू देणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं. द्यायचं तर दुरुस्त करून द्यावं. ते जमत नसेल तर काय बिघडलंय ते खरं सांगून कमी किमतीत विकावं. त्यात घेणाऱ्याचा मान जास्त राहतो.

मग करायचं काय? दोन गोष्टी सुचवतो, दोन्हींना खर्च नाही.

पहिली, विकणाऱ्यानं अ‍ॅम्पसोबत एक चिठ्ठी द्यावी. मॉडेल आणि खरेदीचं वर्ष, शक्य तर बिल. व्होल्टेज. आत्तापर्यंत काय दुरुस्त झालं आणि कुठे. आज काय दोष आहे. आणि मुळात का विकतोय. "दुसऱ्या चॅनेलचं बटण खरखरतं" असं लिहिलेल्या अ‍ॅम्पला "एकदम टकाटक कंडिशन" लिहिलेल्या अ‍ॅम्पपेक्षा जास्त भाव मिळेल, कारण घेणाऱ्याला आता अंधारात हात घालावा लागत नाही. खरखरीचा खर्च तो मोजू शकतो. जे मोजता येत नाही त्याचेच तो जास्त पैसे कापतो.

दुसरी, घेणाऱ्यानं अर्धा तास द्यावा. पाच मिनिटांत भाव करून उचलून आणू नये, कारण बरेच दोष अ‍ॅम्प तापल्यावर निघतात. सगळी बटणं शून्यावर ठेवून चालू करा, घोंघावण्याचा आवाज किती येतो ऐका. मग एकेक बटण शेवटपर्यंत फिरवा. जॅक हलवून बघा, आवाज तुटतो का. खालचा सूर मोठ्यानं वाजवा, स्पीकर फाटल्यासारखा फडफडतो का बघा. जळका वास येतो का ते हुंगा. आणि प्लगचा तिसरा, अर्थिंगचा पिन शाबूत आहे का बघा. घुंई घुंई आवाज जावा म्हणून तो पिन कापून टाकणारे महाभाग आहेत. तसल्या अ‍ॅम्पला जोडलेली गिटार हातात आणि ओठ माईकला लागले की शॉक बसू शकतो, जिवावरही बेतू शकतं. तसा अ‍ॅम्प दुरुस्त होईपर्यंत फुकटही घेऊ नये. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर मागचं कव्हर स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही आत काहीशे व्होल्ट साठून राहिलेले असतात. ते मेस्त्रीचं काम.

भाव कसा ठरवायचा? आजच्या नव्या किमतीतून कर आणि दुकानाचा वाटा काढा. मग मेस्त्रीनं सांगितलेला दुरुस्तीचा खर्च वजा करा. उरलेल्यातून वापरलेल्या वर्षांचं काहीतरी कमी करा, साध्या ट्रान्झिस्टरला थोडं, डिजिटलला बरंच. आकडा दोघांनी मिळून कागदावर मांडला की घासाघीस आपोआप कमी होते. आमच्या भाषेत सांगायचं तर "सांगा किती सोडताय?" ऐवजी "बसा, मांडूया हिशोब" असं होतं.

वाङ्मय मंडळाला एक विनंती आहे. आपल्या फलकावर कविता लागतात, कार्यक्रमांची पत्रकं लागतात. त्याच फलकाचा एक कोपरा वर्षातून दोन महिने जुन्या वाद्यांसाठी ठेवावा. पेटी, तबला, गिटार, अ‍ॅम्प, काहीही. अट एकच, दोष लिहिल्याशिवाय चिठ्ठी लागणार नाही. शेजारी बेळगाव, निपाणी, संकेश्वर इथल्या दुरुस्ती करणाऱ्या मेस्त्र्यांची यादी लावावी, त्यांना विचारून. कुठल्या मेस्त्रीकडे कुठलं काम चांगलं होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला थोडं थोडं माहीत आहे. ते एकत्र लिहिलेलं मात्र कुठेच नाही.

येत्या परीक्षेनंतर ज्यांना गाव सोडायचंय त्यांनी ह्या आठवड्यातच माळ्यावरचा अ‍ॅम्प खाली काढावा, धूळ पुसावी, अर्धा तास वाजवून बघावा आणि जे ऐकू आलं ते चिठ्ठीवर लिहावं. घेणारा निपाणीहून निघायच्या आधी ती चिठ्ठी त्याच्या हातात असली म्हणजे झालं.